ओलं शेण

जिंतूरकडच्या आमच्या गावात सरकारी पैशातून सार्वजनिक गोबरगॅस बसला. गावभरचं शेण एका खड्ड्यात कालवायचं, पाइपानं गॅस घरोघर न्यायचा; मग रॉकेलसाठी कुणापुढं तोंड वेंगाडायला नको, असं साहेब सांगून गेले. आमच्या बौद्धवाड्यापर्यंत पाइप काही पुरला नाही. पुढच्या साली येईल, या आशेवर माय रोज दोन पाट्या शेण नेऊन टाकायची.

आठवड्याभरात पाटलाच्या आईनं बोंब ठोकली, "ह्यांच्या शेणाच्या जाळावर देवाचा निवद शिजवायचा व्हय?"

मायनं विचारलं, "माझ्या गवऱ्या तर तुमच्याच चुलीत जळायल्यात की!"

"गवऱ्या उन्हात वाळतेत. वाळल्याला इटाळ न्हाई. हे वलं हाय."

मायची आणि वाड्यातल्या सगळ्याच बायांची पाटी बंद झाली. गावाची जनावरं दिवसभर रानात, शेण तिकडंच पडायचं, आणि ते वेचून आणणाऱ्या सगळ्या आमच्याच बाया. पाटलिणी काही पाटी घेऊन रानात जाणार नव्हत्या. गॅस भरला की वर उचलली जाणारी लोखंडी टाकी खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. शेण कमी पडलं, असं साहेबानं लिहून नेलं.

मग सगळं गाव पुन्हा रॉकेलच्या रांगेत. पाटलाचा डबा पुढं, मायचा हातभर लांब. ते रॉकेल कुठल्या मुलखात, कुणाच्या हातानं उपसलेलं, कुणी विचारलं नाही. आणि तेही ओलंच होतं.