करंगळीवरची शाई

नर्सनं पोलिओचा डोस पाजून नातीच्या करंगळीला शाई लावली, तिचा उग्र वास आला आणि आटपाडीतली एक अतिशहाणी तरुण आई आठवली, म्हणजे मीच. डोसानं पोराचा वंश बुडतो, असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून मीच त्याच्या बोटाला शाई फासून दार अडवलं. "दिलाय डोस, निघा!" नर्सबाईंनी बोट निरखलं. "शाई करंगळीला लावत्यात. ही अंगठ्याशेजारी कशी? मत टाकून आलंय व्हय पोरगं?" "माझं पोर हाय, तुमाला काय करायचंय?" मी खेकसले. "पाय लुळा पडला तर जन्मभर काखेत घिऊन फिरशील?" म्हणत त्यांनी उंबऱ्यातच ठाण मांडलं. शेवटी चिडून मी पोर त्यांच्या मांडीत आदळलं. वंश बुडणार होता त्या पोराची ही तिसरी लेक. डोस पिऊन, तेव्हाच्या माझ्यासारखीच, नर्सकडं खाऊ का गिळू बघतेय.