वालाची माती आणि माझी जाळी

सासरी जावयाने हातात फावडं धरणं हा आमच्या सासूबाईंच्या लेखी गुन्हा आहे. जावई आला की खुर्ची, पंख्याचं तोंड त्याच्याकडे, चहा, मग मटण. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण ठाण्याला बाळकुमच्या सासरी गेलं की मी अजूनही नवरदेवच. त्यात माझा स्वभाव उठाठेवीचा. तासभर एका जागी बसवलं की माझं डोकं फिरतं.

सासरची मंडळी मूळ बाळकुमचीच. भातशेती होती ती बिल्डरला दिली आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये त्यांना चौथ्या मजल्यावर घर मिळालं. सासूबाईंच्या हिशेबी त्या अजून शेतातच राहतात. लिफ्टमध्ये एखादा नवा भाडेकरू भेटला की त्याला ऐकवतात, "हितं आमचा खळा व्हता." बिचारा दुसऱ्या दिवसापासून जिन्याने जातो.

भात कापून झालं की त्या शेतात वाल पेरायचे. त्या वालाचं बी सासूबाईंनी जमीन गेल्यावरही जपलं होतं. दरवर्षी गॅलरीतल्या कुंड्यांत थोडं पेरायचं, आलेल्या शेंगांतून पुढच्या वर्षीचं बी काढायचं, असं चालू होतं. मागच्या वर्षी कबुतरांनी एक कोंब ठेवला नाही. उरलं ते मूठभर जुनं बी. या हिवाळ्यात ते रुजलं नाही तर त्या शेतातलं शेवटचं जे काही होतं ते संपलं, हे त्या कोणाला बोलून दाखवत नव्हत्या, पण त्यांनी सोसायटीच्या चेअरमनचा इतका पिच्छा पुरवला की पार्किंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली पट्टी त्याने एकदाची त्यांना पेरायला दिली.

ती माती बघून मला धडकीच भरली. खडी, सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे, वायरी आणि एक चप्पल. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की ही माती चाळायला हवी आणि चाळायची जाळी मी घरी बनवीन.

"अहो, तयार मिळते बाजारात," बायको म्हणाली.

मिळते हो. पण मग माझा आमच्या ठाकुर्लीच्या घराच्या माळ्यावर पडलेला मच्छरजाळीचा दरवाजा कधी उपयोगी पडायचा? तो मी टेम्पोत घालून बाळकुमला नेला. टेम्पोवाला सारखा मागे वळून विचारत होता, "काका, बाकीचं सामान कुठाय?"

पहिल्या दिवशी मी मच्छरजाळी तशीच ठेवून चाळायला घेतलं. खाली पडली ती फेस पावडर. मग हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाच्या भोकांची लोखंडी जाळी आणली, ती यू खिळ्यांनी चौकटीवर ठोकली, अंगठाही थोडासा ठोकला, आणि मागून दोन बांबूंचे पाय लावून ती गवंडी लोक लावतात तशी तिरकी उभी केली. फावड्याने माती मारली की बारीक माती जाळीतून पलीकडे, खडी घरंगळत अलीकडे. इतकं सुंदर काम मी नोकरीत कधी केलं नाही.

सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की मी खाली उतरायचो. जाग आली की त्या वॉचमनच्या डोक्यावर खुर्ची देऊन हजर.

"जावयबापू, आधी बसा. लोका बघतान. काय बोलतील, जावयाला मातीन घातला?"

मी बसायचो. त्या वर गेल्या की उठायचो. वॉचमनला तेवढीच करमणूक.

लोक बघत होतेच, पण त्यांना जावई दिसत नव्हता. आमच्या ठाणे-डोंबिवली पट्ट्यात मातीचा ढीग आणि शेजारी तिरकी जाळी दिसली की माणूस एकच अर्थ काढतो: बांधकाम निघालं, आणि तेही परवानगीशिवाय. दुसऱ्याच दिवशी एक एजंट बाइक थांबवून म्हणाला, "काका, गाळे काढताय का? पार्टी आहे माझ्याकडे. पोळीभाजी केंद्र." मी त्याला फावडं दाखवलं. तिसऱ्या दिवशी चेअरमन स्वतः आला, हातात मोबाइल, जाळीचे चार बाजूंनी फोटो काढले.

"साहेब, परवानगी पेरायची दिली होती. बांधायची नाही."

"अहो, वाल पेरायचाय!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

माझा पारा चढला. मी त्याला हात धरून जाळीच्या मागच्या बाजूला नेलं आणि तो हात चाळलेल्या ढिगात खुपसला. चेअरमनने माती चुरून बघितली. मग आवाज उतरवून म्हणाला, "फारच छान चाळलीय हो. आमच्या कुंड्यांना मिळेल का बादलीभर?"

आता खरी गंमत. तो येण्याच्या जरा आधीच, राखेने माती सुधारते असं कुठेतरी वाचलेलं आठवून, मी बायकोला फोन केला होता की वर कुठे राख असेल तर आण. राख होती. गॅलरीच्या कोपऱ्यात मडकंभर. तिने ते आणलं, मी ढिगावर ओतलं, फावड्याने जाळीवर मारलं, आणि सगळं कसं सुळकन पलीकडे गेलं. बारीक खडीसारखं काहीतरी टपटपलं, पण तेही भोकांतून गेलं म्हणजे चालेल, असं म्हणून मी स्वतःच्या जाळीवर खूश. चेअरमनची बादली त्याच मातीने भरली. त्याने ग्रुपवर मेसेज टाकला असणार, कारण संध्याकाळपर्यंत बादल्या, टब आणि एक बेबी बाथ घेऊन लोक आले. मी उदारपणे वाटत होतो. जावई असून दानशूर, असं कौतुकही झालं.

सासूबाई पेरायला खाली उतरल्या तेव्हा पट्टीवर माती पसरलेली होती. रिकामं मडकं भिंतीशी होतं.

"यातली राख?"

"मातीत मिसळली, आई."

"त्या राखेन माजा वाल व्हता."

बी किडू नये म्हणून राखेत ठेवतात. हे मला माहीत नसणं समजण्यासारखं आहे, पण माझी बायको त्याच घरात जन्मली आणि तिलाही आठवलं नाही. आमच्या ठाकुर्लीत वाणसामानाच्या दुकानात वाल किलोवर मिळतो, तो राखेत कोण शोधणार? घरातली गव्हाची चाळण आणून आम्ही दोघांनी पट्टीवरची माती पुन्हा चाळली. एक दाणा मिळाला नाही. राखेचा ढीग सगळ्यात आधी बादल्यांत गेला होता. मी म्हणालो, घरोघरी जाऊन माती परत मागतो.

"दिलेला परत मागाचा नाय," सासूबाई म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या.

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण जावयाला शिव्याही घालता येत नाहीत. त्या दिवशीही मटण केलं, ताट माझ्यासमोर ठेवलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि स्वतः न जेवता आत जाऊन पडल्या. इतकं वाईट मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल. मटण मात्र चांगलं झालं होतं, ते आणखी वाईट.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा बाळकुमला गेलो तेव्हा चेअरमन दारातच उभा. मोबाइल पुढे करून म्हणाला, "साहेब, तुमच्या मातीतून तण निघालंय. सगळ्यांच्या कुंड्यांत. ग्रुपवर तक्रारी आहेत. उपटून टाकायचं ठरलंय."

सासूबाईंनी मोबाइल हिसकावून डोळ्यांजवळ नेला. मग त्या अशा ओरडल्या की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

"कोनी हात लावू नका! माजा वाल हाय तो!"

आणि चप्पल न घालता निघाल्या. प्रत्येक मजल्यावर बेल वाजवून, परवानगी न विचारता थेट बाल्कनीत. कुठे काठी लावली, कुठे दोरी बांधली, कबुतरांसाठी एकीची ओढणी कुंडीवर ताणली. ज्यांनी लिफ्ट टाळली होती त्यांच्याही घरात खळ्याची गोष्ट पोचली. थंडी सरता सरता खालून वर बघितलं की ग्रिलग्रिलमधून वेल लोंबत होते. शेंगा लोक आपणहून आणून द्यायला लागले. सासूबाईंनी जून शेंगा बाजूला काढल्या, बी सोललं, पुन्हा मडकं, पुन्हा राख.

मडकं भरलं त्या दिवशी आम्ही पार्किंगमध्ये उभे होतो. त्या मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"शेत आडवा व्हता," त्या म्हणाल्या. "आता उभा झाला."

तेवढ्यात वॉचमन सवयीने खुर्ची घेऊन आला. मी बसायला वाकलो. सासूबाईंनी खुर्ची ओढून घेतली, स्वतः बसल्या आणि भिंतीशी टेकवलेल्या माझ्या जाळीकडे बोट दाखवलं.

"पुढचे साली लवकर या. माती तुमीच चाळा."