पोटावरची पिशवी आणि गेटवरची झडती

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या देहाचे मागील द्वार अपरिहार्य कारणास्तव कायमचे बंद करण्यात आले असून, तेथील सर्व वाहतूक पोटाच्या उजव्या अंगास नव्याने उघडलेल्या मार्गाने वळविण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

हुश्श. आता माणसासारखं बोलतो. माझं मोठं आतडं पार बिघडलं होतं. डॉक्टरांनी ते काढून टाकलं आणि लहान आतड्याचं टोक पोटाला भोक पाडून बाहेर आणून ठेवलं. छोट्या टोमॅटोसारखं दिसतं, लालबुंद आणि ओलसर. त्याला स्टोमा म्हणतात. त्याच्यावर एक पिशवी चिकटवायची आणि खाल्लेलं पातळ होऊन त्या पिशवीत येत राहतं. कधी यायचं हे तो ठरवतो. मला विचारत नाही.

आमच्या घरात त्याचं नाव पडलं जावई. वेळीअवेळी येणार, चार लोकांत नको तेव्हा आवाज काढणार, पानात नावडतं पडलं की फुगणार आणि एवढं करून त्याला बोलायची सोय नाही. बायको भाजी चिरतानाच विचारायची, "कोबी करू, की जावयाला चालत नाही?" मी म्हणायचो, "मला चालतो गं." ती म्हणायची, "तुम्हाला कोण विचारतंय?"

जावयाला घेऊन घराबाहेर पडणं ही एक विद्या आहे आणि ती मी आमच्या थेरगावात शिकलो. निघायच्या आधी पिशवी रिकामी करायची. भात, केळं, साबुदाणा खाल्ला की माल जरा घट्ट राहतो. चवळी, कोबी, थंड सोडा यांनी पिशवीचा फुगा होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिशवी भरायची वाट बघायची नाही. तिसरा हिस्सा भरली की संडास गाठायचा, नाहीतर वजनाने तिचा चिकटा सुटतो आणि मग तुम्ही, तुमचा शर्ट आणि आजूबाजूचा समाज, सगळेच संकटात. सोबत भोक आधीच कापून ठेवलेली जादा पिशवी, पाण्याची बाटली, ओले टिश्यू आणि एक जुनं वर्तमानपत्र. पहिल्यांदा डांगे चौकात भाजी आणायला गेलो, तेव्हा मेथीच्या एका जुडीसाठी मी एवढं सामान नेलं होतं की भाजीवालीने विचारलं, "गावाला निघालात काय?" हळूहळू सरावलो. कुठल्या हॉटेलच्या संडासाला आतून कडी आहे आणि कुठल्या नळाला खरोखर पाणी येतं, हे त्या भागापुरतं माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल.

मग कामावर परतायचा दिवस आला. चाकणच्या पट्ट्यात आमची कंपनी पितळेचे व्हॉल्व्ह बनवते. मी तिथे तयार माल तपासतो. पण माझं खरं पद बसमधलं. सकाळी थेरगावातून कंपनीची बस निघाली की खिडकीशी बसून मी सुपरवायझरच्या नकला करायचो, नसलेले किस्से घडवून सांगायचो आणि अख्खी बस पोट धरून हसायची. शेजारच्या सीटवर वेल्डिंगचा एक गडी बसायचा. लातूरकडचा. त्याचा आवाज एवढा मोठा की त्याने कानात सांगितलेलं ड्रायव्हरला कळायचं.

कंपनीच्या डॉक्टरांना पिशवीचं माहीत होतं. बाकी सगळ्यांना मी सांगितलं होतं, अपेंडिक्स. बायको म्हणाली, "लपवता कशाला? चोरी केलीये का?" तिला कसं सांगणार? पिशवीची मला लाज नव्हती. भीती वेगळीच होती. दवाखान्यात असताना मी एक फर्मास किस्सा सांगितला होता. भेटायला आलेले पाहुणे हसले नाहीत. त्यांनी माना डोलावल्या आणि म्हणाले, "धीराचे आहात हो." बाप रे! आजारी माणसाच्या विनोदाला लोक हसत नाहीत, त्याचं कौतुक करतात. बसमध्ये तसं झालं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता.

कामावरचा पहिला दिवस झकास चालला होता. शर्ट ढगळ घातला होता. ऑफिसच्या इमारतीत पाहुण्यांसाठी एक स्वच्छ संडास आहे, तो हेरून ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत जावयाला मोकळं करून आलो. पण दुपारी पोरांनी मी परत आल्याच्या आनंदात कांदाभजी मागवली. एक खाल्लं. दुसरं खाल्लं. पुढचं मोजायचं नसतं. वर किस्सा रंगात आलेला, सगळे हसत होते, अशा वेळी कोण रंगमंच सोडून संडासात जाईल? तेवढ्यात भोंगा झाला. म्हटलं, आता घरीच बघू.

गेटवर आलो आणि पाय थबकले. मी रजेवर असताना पितळेचे तुकडे चोरीला जाऊ लागले होते. पूर्वी बाहेर पडताना नुसता डबा उघडून दाखवायचा. आता रांगेत उभं राहून दोन्ही हात वर करायचे आणि वॉचमन काखेपासून कमरेपर्यंत चाचपणार. सगळ्याचा विचार केला होता मी. फक्त याचा नाही.

वॉचमन जवळच्याच कुरुळी गावचा, तिथल्या जुन्या घराण्यातला. मला वर्षानुवर्षं ओळखणारा. मला बघून त्याचे डोळे चमकले.

"आलं का पावनं! बरं हाय न्हवं आता?"

"ठणठणीत. चला, बस सुटेल."

"सुटल की. हात वर करा."

केले. त्याचे पंजे काखेतून खाली सरकले आणि उजव्या बाजूला येऊन थांबले. भज्यांनी कामगिरी बजावली होती. पिशवी टम्म फुगली होती.

"ह्ये काय?"

"पोट."

"प्वाट हितं हाय." त्याने मधोमध बोट टोचलं. "ह्ये येगळं हाय."

त्याने परत चाचपलं. जावई गुरगुरला. वॉचमनने हात मागे घेतला, मग हट्टाने पुन्हा पुढे आणला.

"दाबू नका!" मी किंचाळलो.

हे म्हणायला नको होतं. मागची अख्खी रांग माना लांब करून बघू लागली. वॉचमनचा चेहरा पडला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"तुमी बी?" तो हळूच म्हणाला. "आवं, तुमी तर समद्यांत जुनं. पितळ हाय व्हय ह्याच्यात?"

"नाही हो."

"मंग शर्ट वर करा."

"केबिनमध्ये जाऊ या."

"न्हाई. केबिनीत सोडून दिला आसं म्हंत्यात लोक. समद्यांम्होरं करायचं, तसा कायदाच हाय आता."

मागून लातूरकराचा आवाज आला, "काय झालं वो दादा? काय सापडलं?"

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. चोर ठरायचं की आजारी. खोटं का सांगू, मी क्षणभर चोराच्या बाजूने झुकलो. चोराला लोक निदान मनापासून शिव्या तरी देतात, त्याच्याकडे ओलसर डोळ्यांनी बघत नाहीत. पण वॉचमन इतका दुखावलेला दिसत होता की माझ्याने राहवलं नाही. घसा साफ केला, रांगेकडे तोंड केलं आणि पडदा उघडावा तसा शर्ट वर केला.

पिशवीवर बायकोने शिवलेलं कव्हर होतं. तिच्या एका ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाचं. पोपटी, वर गुलाबी बुट्टे.

"मंडळी," मी म्हणालो, "अपेंडिक्स खोटं होतं. आतडं काढलंय. खाल्लेलं आता इथून बाहेर येतं आणि या पिशवीत जमा होतं. येताना मला कळत नाही, थांबवता येत नाही. आत्ताही चालूच आहे. आतमध्ये पितळ नाही, तुमची कांदाभजी आहे."

कुणी हसलं नाही.

वॉचमनने हात जोडले. "चुकी झाली, माफ करा," म्हणाला. कोणीतरी टोपी काढली. पॅकिंगमधला एक पोरगा जमिनीकडे बघू लागला. आणि मग ते सुरू झालं, चेहऱ्यामागून चेहरा, मान एका बाजूला कलती, भुवया वर, ओठ आत. दवाखान्यातल्या पाहुण्यांचा तोच चेहरा. पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, "धीराचा माणूस." संपलं, मी मनात म्हटलं. उद्यापासून खिडकीशी बसून गुपचूप बाहेर बघायचं.

बस हॉर्न देत होती. कुणी हलत नव्हतं. लातूरकर मात्र रांग मोडून पुढे आला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. कपाळाला आठ्या घालून त्याने पोपटी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पिशवीकडे. मनातल्या मनात काहीतरी हिशेब जुळवत असल्यासारखा. तो जुळला, तसा त्याचा चेहरा हळूहळू रागाने लाल झाला. आणि अख्ख्या गेटला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला,

"म्हंजे दादा, तुमी बसमधी बसल्या जागी मोकळं होणार, आन् आमी त्या चाकणच्या ट्रॅफिकमधी दोन-दोन तास दाबून बसायचं? ह्ये बसवायला डॉक्टर किती घेतो, ते सांगा आदी!"