खोटी टकटक

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी जुने कॉम्प्युटर जमवायचा छंद धरला आणि सुरुवात माझ्या कॉम्प्युटरपासून केली. मला न विचारता. माळ्यावरून खाली काढला, पुसला, कव्हरचा पिवळेपणा जावा म्हणून कसलंसं औषध फासून चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवला. ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचा ओला टॉवेल दोरीवर टाकला नाही, तो दर तासाला गच्चीवर जाऊन पापडासारखं ते कव्हर उलटत होता.

त्या मशीनवर मी अकरा वर्षं काम केलं आहे. तेव्हा हे खापरखेड्याला वीज केंद्रात होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. मी घरी बसून लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, नरखेडकडच्या संत्र्यांच्या रोपवाटिकांची पत्रकं टाइप करायचे आणि फ्लॉपी पर्समध्ये घालून बसने शहरात, सदर भागातल्या छापखान्यात नेऊन द्यायचे. कॉलनीत केंद्रातल्या कोळशाची राख उडायची, ती मशीनच्या पोटात जाऊन बसायची. दर रविवारी मी कव्हर उघडून ह्यांच्या जुन्या दाढीच्या ब्रशने ती झाडायचे. ह्यांच्या लेखी हा सगळा माझा टाइमपास होता.

मशीनमधली हार्ड डिस्क काम करताना टकटक वाजायची. हे रात्रपाळी करून सकाळी झोपायचे, आणि त्या टकटकीचा ह्यांना फार जाच. "बंद कर वं ते, डोकं उठून राहिलं माझं," हे पांघरुणातून रोज ऐकू यायचं. मग मी मशीनवर गोधडी टाकायचे. गोधडीने मशीन तापायची, तापली की बंद पडायची, आणि अर्धी पत्रिका पुन्हा पहिल्यापासून टाइप करायची.

तर आता ह्यांनी ती डिस्क काढली. जुनी झाली, कधीही जाईल, म्हणाले. तिच्या जागी बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी बसवली. पट्टीत एकीकडून कॅमेऱ्यात असतं तसलं मेमरी कार्ड खोचायचं, दुसरीकडून डिस्कची तार जोडायची. मशीनला वाटतं, डिस्कच आहे. जुन्या डिस्कवरचं सगळं ह्यांनी जसंच्या तसं कार्डावर उतरवून घेतलं. इथवर माझी काही तक्रार नव्हती. युक्ती चांगली आहे, माझ्या पत्रिका त्यामुळे वाचल्या.

पण कार्डाला आवाज नसतो, आणि मशीन गप्प झाल्यावर ह्यांना करमेना. ह्यांनी टपालाने एक इवलासा खटका मागवला. त्याचं काम एकच. कार्ड चालायला लागलं की डिस्कसारखी खोटी टकटक करायची. ती ऐकत हे खुर्चीत डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "काय दिवस होते." हसावं, की तीच गोधडी शोधून आता ह्यांच्या तोंडावर टाकावी, मला कळेना.

खरी डिस्क भंगारवाल्याला देऊन टाकली. मला न विचारता.

कव्हरच्या आत मी एक चिठ्ठी चिकटवली होती. त्या मशीनमध्ये एक छोटी बॅटरी असते, ती दोन वर्षांतच संपली आणि बदलून द्यायला कोणी तयार होईना. त्यामुळे आपल्या पोटात केवढी डिस्क आहे हे मशीन रोज विसरायची. ते सांगणारे तीन आकडे रोज सकाळी हाताने भरावे लागायचे, नाहीतर ती सुरूच व्हायची नाही. एकीकडे कुकर लावायचा, दुसरीकडे आकडे भरायचे, असं माझं चालायचं. ते आकडे चिठ्ठीवर होते. ह्यांनी नवी बॅटरी तारेने बाहेरून जोडली, चिठ्ठीत बघून आकडे एकदाच भरले आणि मग घाण दिसते म्हणून चिठ्ठी खरवडून काढली.

एका रविवारी सकाळी सदरमध्ये, एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये, ह्यांच्यासारख्या दहा-बारा जणांनी प्रदर्शन मांडलं. चल, तेवढाच सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा घेऊन येशील, म्हणून मलाही नेलं. सगळे रिटायर पुरुष, सगळ्यांच्या मशीनच्या पोटात तसंच कार्ड, आणि सगळ्यांच्या तोंडी "एकदम ओरिजिनल". आमच्या टेबलावर पाटी होती. वर ह्यांचं नाव, खाली लिहिलेलं, 'माझा पहिला कॉम्प्युटर'. पत्त्यांचा डाव सोडला तर ह्या माणसाने त्याच्यावर काही म्हणजे काही केलेलं नव्हतं. थर्मास हातात धरून मी ती पाटी दोनदा वाचली. मला ते फार लागलं.

मग मशीन सुरू होईना. ऑटोच्या धक्क्यांनी बॅटरीची तार सुटली होती. तार परत जोडली, पण आकडे गेले ते गेलेच. एक म्हणाला पट्टी खराब आहे, दुसरा म्हणाला कार्ड डुप्लिकेट आहे. तिसऱ्याने कार्डाचे आकडे भरून पाहिले. पण कार्डावर जुन्या डिस्कची नक्कल होती, तिला जुन्या डिस्कचेच आकडे हवे होते. डिस्क भंगारात, चिठ्ठी कचऱ्यात. बघायला आलेली माणसं पुढच्या टेबलाकडे सरकली. एका गृहस्थांनी मला विचारलं, काकू, चहा आहे का अजून?

हे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुले आठवते का वं ते आकडे?"

"कोणाच्या मशीनचे?" मी विचारलं. हळू नाही विचारलं.

ह्यांनी पाटीकडे पाहिलं. मी थर्मासचं झाकण घट्ट करत उभी राहिले.

"तुह्या मशीनचे," हे पुटपुटले.

मग हे त्या सगळ्यांकडे वळले आणि घसा खाकरून म्हणाले, "मशीन हिची आहे. मी फक्त पुसली."

आकडे भरून पाहणारा तो तिसरा खुर्चीवरून उठला. मी थर्मास ह्यांच्या हातात दिला, बसले आणि बोटांनी आपोआप आकडे भरले. सहाशे त्र्याऐंशी, सोळा, अडतीस. मशीन सुरू झाली आणि खटका टकटक करायला लागला. मी मागे हात घालून त्याची तार उपटली. पडद्यावर माझ्या पत्रिकांची यादी गुपचूप खालून वर सरकत गेली.

मघाच्या चहावाल्या गृहस्थांनी पुन्हा चहाचं विचारलं. मी सांगितलं, ह्यांना विचारा.