बत्तीस मेंढरांची वाकळ

लग्नाला किती वर्षं झाली असं हुलसूरच्या अनसाबाईला कुणी विचारलंच, तर ती लेकीच्या, जगदेवीच्या, वयात दोन मिळवून सांगायची. ज्या घरात माणसाचा वाढदिवस कधी झाला नाही, तिथं लग्नाचा कुठून होणार? पण ती पांडुरंगराव मास्तरांच्या शेतात खुरपायला जायची आणि २००५च्या दिवाळीनंतर मास्तरांच्या घरी केक आला. मास्तरांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, स्वतः विणलेला स्वेटर त्यांना घातला. मास्तर लाजले आणि लाजत लाजत केकचे दोन तुकडे जास्तीचे खाऊन गेले.

"पंचवीस वर्षं झाली म्हणून गं," सुशीलाबाई म्हणाल्या. "तुझं लग्न कधी झालं?"

"तुमी नवी नवरी म्हनून गावात आलाव ना अक्का, त्याच्या म्होरल्या उन्हाळ्यात. अक्षय तृतीयेला."

सुशीलाबाईंनी बोटं मोजली. "मग येत्या अक्षय तृतीयेला तुझेही पंचवीस की! नवऱ्याला काहीतरी दे. हातानं केलेलं."

अनसाबाई हसली. घरी पोचेपर्यंत मात्र ते हसू मावळलं. नवऱ्याला द्यायची एकच गोष्ट तिच्याकडं होती आणि ती सात वर्षं घशात अडकून बसली होती.

झालं होतं असं. तिचा नवरा नागप्पा पिढीजात मेंढपाळ. बत्तीस मेंढरं, आणि त्याच्या लेखी ती बत्तीस माणसंच होती. एका पावसाळ्यात राजेश्वरच्या शिवारात त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. त्याला बीदरच्या दवाखान्यात नेलं. तो अकरा दिवस तिथं पडून होता, त्यातले पहिले चार बेशुद्ध. अनसाबाई एकदा घरी आली, कुंपणातली मेंढरं बघितली आणि तिला वाटलं, हा माणूस वाचला तरी पुन्हा यांच्यामागं रानोमाळ जाणार आणि एक दिवस रानातच मरणार. तिनं सगळी मेंढरं भीमण्णाला विकून टाकली. भीमण्णा नागप्पाचा भाऊबंद. दोघांचे आजे सख्खे भाऊ.

नागप्पा घरी आला, रिकामं कुंपण बघितलं आणि एक शब्द बोलला नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. महिन्याभरात तो हैदराबादला एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून गेला. दसऱ्याला दोन दिवस आणि अक्षय तृतीयेला दोन दिवस यायचा. "जेवलीस का", "जगी कशी हाय" एवढंच बोलायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा. अनसाबाईला माफी मागायची होती. तिला शब्द सापडत नव्हते. पण शिवणकाम तिला चांगलं जमायचं.

तिनं वाकळ शिवायला घेतली. वैशाखाच्या काहिलीत नवऱ्याला वाकळ देणारी बाई अख्ख्या तालुक्यात हीच असेल, पण ते तिला सांगणार कोण? जुन्या लुगड्यांचे थर अंथरले, धावदोरा घातला आणि चारी कडांनी मेंढरांची तोंडं शिवायला लागली. तळहाताएवढं एकेक तोंड, समोर बघणारं. काळ्या मेंढरांना नागप्पाच्या फाटक्या घोंगडीचे काठ, पांढऱ्यांना त्याचं धोतर, तांबड्यांना स्वतःच्या लग्नातलं लुगडं. त्या लुगड्याला कात्री लावताना तिचा हात थोडा थांबला. मग लावली.

शेजारची लिंगम्मा येऊन बघायची. "कौदी छान व्हायलीय गं अनसा," म्हणायची. "पण तोंडं कामून एवढी?"

"बत्तीस हायत ना," अनसाबाई म्हणायची.

एकही मेंढरू ती विसरली नव्हती. बांडीच्या कपाळावर पांढरा ठिपका, एडक्याला शिंगं. आणि प्रत्येकाच्या डाव्या कानाच्या खालच्या कडेला एक खाच. ती त्यांच्या घराची खूण. आज्यांची वाटणी झाली तेव्हा त्यांनी कानसुद्धा वाटून घेतले होते: नागप्पाच्या घराचा डावा, भीमण्णाच्या घराचा उजवा. बत्तीस खाचांच्या कडा दुमडून टीप घालता घालता चैत्र संपला.

अक्षय तृतीयेला जेवणं झाल्यावर तिनं वाकळ नागप्पापुढं ठेवली. "आपल्या लग्नाला पंचवीस वर्सं झाली," ती म्हणाली आणि पुढचं सगळं विसरली.

नागप्पानं घडी उलगडली. मग एकेका तोंडावर बोट ठेवत पुटपुटू लागला, "ही बांडी... हा एडका... ही लंगडी व्हती ती..." अनसाबाईचा जीव डोळ्यांत आला होता. एकाएकी त्याचं बोट एका कानावर थांबलं. तिथून दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर गेलं.

"अनसे, ही मेंढरं कुनाची?"

"आपली."

"आपली न्हाईत ही. भीमण्णाची हायत."

तिला काहीच कळेना. नागप्पानं तिचा हात धरला आणि वाकळीवर नेला. "मेंढरू तुझ्याकडं बघायलंय. मग त्याचा डावा कान तुझ्या कुठल्या हाताला येतो?"

अनसाबाईनं बघितलं. उजव्या हाताला! आणि तिनं सगळ्या खाचा घातल्या होत्या स्वतःच्या डाव्या हाताला. मेंढरं कुंपणात हाकायची ती कायम मागून. मागून डावा तो डावाच दिसतो.

आणि नागप्पा हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. "बत्तीसच्या बत्तीस पुन्यांदा भीमण्णाला दिलीस व्हय गं?"

सात वर्षांत पहिल्यांदाच त्यानं त्या विक्रीचं नाव काढलं होतं. अनसाबाई हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

"मला भ्या वाटलं वो," ती म्हणाली. "तुमी मराल म्हनून भ्या वाटलं."

"मला इचारायचं व्हतंस."

"इचारलं असतं तर तुमी इकू दिली असती?"

"न्हाई."

"म्हनून न्हाई इचारलं. चुकलं माझं."

नागप्पा डोळे पुसत म्हणाला, "माझंबी चुकलं. घर सोडून गेलो, तुला एकटी टाकून." आणि वाकळ मांडीवर ओढून, "सुई आन."

मेंढपाळाला सुई नवी नसते, घोंगडी तोच शिवतो. त्यानं बांडीचे दोन्ही कान उसवले आणि खाचेचा कान बरोबर जागी लावला. दोन दिवसांत पाच मेंढरं घरी आली. सत्तावीस राहिली. निघताना अनसाबाई वाकळ पिशवीत भरू लागली, तर त्यानं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे हितंच. म्होरल्या म्हैन्यात येतो."

"तुमी तर दसऱ्याला येता."

"दसऱ्यापतूर एडका भीमण्णाकडं ठेवू व्हय?"

तो खरंच आला. मग दर महिन्याला येऊ लागला. रात्रपाळी करून सकाळची बस धरायची, बसवकल्याणला उतरायचं, दुपारपर्यंत घरी. दोघं ओसरीवर बसायची. तो उसवायचा, ती दोरा ओवून द्यायची. कधी दोन मेंढरं व्हायची, कधी तीन. बोलणं मात्र भरपूर व्हायचं.

पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत एकच मेंढरू राहिलं. ते झालं की हा पुन्हा दसऱ्यालाच येणार की काय, या धास्तीनं अनसाबाईला सकाळपासून घास गोड लागला नव्हता. नागप्पा आला तो आपली ट्रंक डोक्यावर घेऊन. आणि काखेत कोकरू.

"भीमण्णाकडनं आनलंय. बांडीच्या लेकीचं." त्यानं कोकरू तिच्या मांडीवर ठेवलं. "मी आता जात न्हाई. इचारायचं एवढंच, पाळायचं का?"

अनसाबाईनं कोकराच्या कपाळावरचा पांढरा ठिपका बघितला. सापाची भीती अजून होतीच, ती कुठं जाणार होती? "पाळू," ती म्हणाली. "पन मी संगं येनार रानात."

नागप्पानं मान डोलावली. धार लावलेली सुरी आणि चिमूटभर हळद तिच्यापुढं ठेवली. "मग कान तूच काप."

आजवर त्या घरात खूण घरधन्यानंच केली होती. अनसाबाईनं सुरी उचलली आणि परत खाली ठेवली. उठून कोकराच्या मागं गेली, मागून बघितलं. पुढं आली, पुढून बघितलं. मग आत जाऊन वाकळ आणली, कोकराशेजारी पसरली आणि बांडीचा कान पुन्हा एकदा नीट बघून घेतला.