म्हशीच्या कट्ट्यावर इंग्रजीचा तास

शिवाजी पेठेत संध्याकाळी एक दूधवाला कट्ट्याशी म्हैस बांधतो आणि गिऱ्हाइकासमोरच पेल्यात धार काढून देतो. त्याचं नाव मला ठाऊक नाही. त्यालाही कुणाचं ठाऊक नसतं.

एकदा माझ्या हातात इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक बघून त्यानं विचारलं, "आज काय शिकिवलं, मास्तर?"

"नाव न घेता कोणता माणूस, ते 'हू' लावून सांगायचं."

धार न थांबवता त्यानं एका म्हाताऱ्याकडं हनुवटी केली. "द मॅन हू मिशीवरचा फेस पुसत न्हाय." मग शेजारच्याकडं. "द मॅन हू एक पेला पितोय आनि दोन तास बोलतोय."

माझ्या वर्गातली पोरं यावरच महिनाभर अडली होती. मी त्याच्या तोंडाकडं बघतोय म्हटल्यावर तो म्हणाला, "नाव इसरतं की, मास्तर. खोड न्हाय इसरत."

"मग मी कोण?"

"द मॅन हू म्हशीला भिऊन दुसऱ्याच्या मागं हुबा ऱ्हातोय."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं नुसतं बघितलं.

पेला मी आजही एका पैलवानाच्या काखेखालून हात घालूनच घेतो.