आत्याचा सरपंच

आत्याने आपल्या कोंबड्यांना सासरच्या माणसांची नावे ठेवली होती. एक सासू, दोन नणंदा, एक मामंजींची चुलत बहीण आणि सगळ्यांत लठ्ठ, तांबडी कोंबडी म्हणजे शेवंता, तिची जाऊ. सकाळी खुराड्याचे झाकण काढले की दाणे टाकता टाकता आत्याचे तोंड सुरू व्हायचे. "ये शेवंते, माजा जीव खाल्लास, आता ह्ये बी खा." खरी शेवंता बांधापलीकडेच राहायची. तिला सगळे ऐकू जायचे, आणि जावे म्हणूनच आत्या आवाज चढवायची.

तांबडी कोंबडी म्हातारी झाली तेव्हा आत्याने ती कापली, झणझणीत कालवण केले आणि वाटीभर जावेकडे पाठवले. सोबत निरोप, "शेवंताचं हाय, ग्वाड मानून खा म्हणावं." जावेने वाटी अंगणात भिरकावली. तिच्या मुलाने, बाळूने, ते पाहिले. आईचा हा अपमान त्याने मनात ठेवला असणार. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, पण मी तिची बाजू घेणार नाही. ती वाईट बोलायची आणि बोलल्यावर तिला बरे वाटायचे.

उजनीच्या पाण्याकाठी ऊस आणि केळीच्या मधोमध तिचे दोन खोल्यांचे घर होते. मूलबाळ नव्हते, नवरा लवकर गेला. भांडायला जाऊ होती आणि माया करायला एक कुत्रा. काळा, एका कानाने लुळा. त्याचे नाव तिने सरपंच ठेवले. का, म्हणून विचारले तर म्हणायची, "भुंकतोय लई, करत काय न्हाय." पण भाकरीचा पहिला तुकडा त्याचा असायचा. त्याच्याशी बोलताना तिच्या तोंडात एकही शिवी नसायची.

मग उसात बिबट्या आला. आधी मोटारीजवळच्या चिखलात पावले दिसली, मग कुणाची शेळी गेली, कुणाचे वासरू. आत्याची एक नणंद गेली, म्हणजे कोंबडी. त्या दिवशी आत्या पहिल्यांदा गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने खुराडे उचलून थेट घरात, स्वतःच्या वाकळेशेजारी आणले. सरपंचालाही अंधार पडायच्या आत घरात घेऊन कडी लावायची. उसाच्या कडेने जाताना रेडिओ मोठ्याने लावून कमरेला बांधायची आणि वाकून गवत काढणाऱ्या बायकांवर ओरडायची, "उभ्या ऱ्हावा गं, वाकलं की त्याला शेळी दिसती." दिवाळीला मी सोलापूरहून गेले तेव्हा कोंबड्यांच्या घाणीने मला झोप येईना. आत्या म्हणाली, "कोंबडी कुरकुरली तर झोप. गप झाली तर मला उठीव."

बाळूची मोठी पोल्ट्री होती. मेलेल्या कोंबड्या त्याची माणसे ओढ्यात टाकायची. आत्या रोज बांधावर उभी राहून त्याला सांगायची, "बाळ्या, खड्डा काढून पूर त्यांना. आदी जेवायला बोलवायचं आन् मग जेवतोय म्हणून बोंबलायचं, व्हय रं?" सरळ सांगितले असते तर त्याने ऐकले असते का, कोण जाणे. आत्याला सरळ सांगता येत नव्हते. बाळू म्हणायचा, "काकी, तुज्या कुत्र्याच्या वासानं येतंय ते. घालव की त्याला." गावातली निम्मी घरे बाळूच्या पोल्ट्रीत कामाला. लोकांनाही कुत्र्याचेच खरे वाटले.

गावाने मागणी केल्यावर पिंजरा आला. वनखात्याची माणसे तो ओढ्याकाठी ठेवून गेली. पाठीमागच्या बंद कप्प्यात आमिष म्हणून कोंबड्या ठेवा, जाळी नीट आवळा, असे सांगून गेली. शेडभर कोंबड्या बाळूच्या. त्यातल्या दोन काढून ठेवायला त्याचा हात गेला नाही. आत्या बाजाराला गेली होती. बाळू तिच्या अंगणात गेला, सरपंचाला हाक मारली. सरपंच शेपूट हलवत त्याच्या मागे पिंजऱ्यापर्यंत चालत गेला.

आत्या परतली ती हाका मारत. बाळू म्हणाला, "असंल हितंच कुटं तरी." ती अंधार पडेपर्यंत केळीच्या बागेतून हिंडली. सकाळी तिला कुणीतरी सांगितले. ती ओढ्यावर पोहोचली तेव्हा पिंजऱ्याचा पुढचा दरवाजा तसाच उघडा होता. बिबट्या पुढून आलाच नव्हता. मागची जाळी नुसत्या तारेने गुंडाळलेली, ती त्याने उचकटली होती. रेतीत ओढत नेल्याची खूण उसापर्यंत गेली होती.

कळल्यावर मी सोलापूरहून धावत गेले तेव्हा ती ओट्यावर बसलेली. शिव्या नाहीत, रडणे नाही. मला वाटले होते बाळूचे घर डोक्यावर घेईल. ती एवढेच म्हणाली, "कडी लावून जायाला पायजे हुती की मी. उकाडा हाय म्हणून भाईर ठिवला त्याला."

पुढे काही दिवसांनी बिबट्या सापडलाच, त्याच पिंजऱ्यात, पोल्ट्रीच्या दोन कोंबड्यांवर. पिंजऱ्यासमोर उभे राहून सगळ्यांनी फोटो काढले. चावडीवर बाळूला हार घातला. तेव्हा आत्या गर्दीतून पुढे आली आणि विचारले, "आन् सरपंचाला हार कोण घालणार?" गावच्या सरपंचांच्या गळ्यात आधीच हार होता. लोक हसले. म्हातारी बहकली, असे कुणीतरी म्हणाले. बाळू तेवढा हसला नाही.

कोंबड्या वाटून टाकून ती आमच्याकडे सोलापूरला आली, नवी पेठेमागच्या आमच्या घरी. रस्त्यावरच्या रिक्षा बघत गॅलरीत बसायची. कुणाला नावे ठेवत नव्हती, भाजी अळणी झाली तरी बोलत नव्हती. मी मुद्दाम डिवचले तरी "असू दे" म्हणायची. तिच्या जिभेचा आम्हा सगळ्यांना त्रास झाला होता, पण ही शांतता त्याहून जड होती.

पुढे ती आजारी पडली. दुखणे वाढून दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हा बाळू तिला भेटायला आला. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, "काकी, चुकलं माजं. आईला बोललीस त्याचा राग हुता मला."

आत्याने त्याच्याकडे पाहिले. म्हणाली, "मग मला बोलायचं हुतंस, बाळ्या. मारायचं हुतंस. म्या बोलले हुते, त्यानं न्हवं." थोडा दम घेतला. "तुज्या दारात भाकरी खाल्ली हुती त्यानं. म्हणून तुज्यामागं आला त्यो."

बाळूने तिला पाणी द्यायला पेला उचलला. तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

चौथ्या दिवशी ती गेली. गावी नेली. मूल नव्हते, म्हणून रीतीप्रमाणे पुतण्याने अग्नी द्यायचा होता. मी अडवायला पाहिजे होते, असे अजून वाटते. पण मडके खांद्यावर घेऊन बाळू पुढे झाला, आणि मी बाजूला सरकले.